गटणे, शेल्डन आणि आपल्या गल्लीतला मुलगा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)

मुलांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा सचिवांनी मला फोन करून दोनदा विचारलं, "बाई, नक्की हाच विषय ना?" त्यांचं बरोबर होतं. गणपतीत आपण संतवाङ्मय ऐकतो, शिवचरित्र ऐकतो, फार तर मधुमेहावर डॉक्टरांचं भाषण ठेवतो. टीव्हीवरच्या पात्रांना ऑटिझम आहे की नाही, हा काय मंडपात बोलायचा विषय झाला? पण मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. ज्या विषयावर लोक घरोघरी कुजबुजतात, तो एकदा मोठ्याने बोलून टाकलेला बरा, असं माझं मत आहे.

ही कुजबुज आता घरोघरी आहे. नातवंडं मोबाईलवर 'द बिग बँग थिअरी' बघतात. त्यातला शेल्डन कूपर हा मोठा शास्त्रज्ञ. सोफ्यावरची त्याची जागा ठरलेली, तिथे दुसरं कोणी बसलं की बिनसलं. दार वाजवायचं तर तीनदा, आणि दर वेळी आतल्या माणसाचं नाव घेऊन. थट्टा केलेली कळत नाही, तोंडावर खरं बोलतो. मुलं म्हणतात, आजी, हा ऑटिस्टिक आहे. मग मिस्टर बीनही तसाच का? शेरलॉक होम्स? आणि हळूच, आवाज उतरवून, पलीकडच्या घरातला तो मुलगाही?

आधी शब्दाचं बघू. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४३ साली अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. मुलं दिसायला धडधाकट, पण माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमणारी, रोजचा क्रम जरा बदलला की कासावीस होणारी, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणारी. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी बरीचशी अशीच, पण भरपूर बोलणारी मुलं वर्णन केली. पुष्कळ वर्षं या दोन निराळ्या गोष्टी मानल्या गेल्या. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात दोन्ही एकाच नावाखाली आल्या. अजिबात न बोलणारं मूल आणि विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापक, दोघंही त्या एका पट्ट्यात बसतात. म्हणून त्याला स्पेक्ट्रम म्हणतात.

मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द ऐकायला गोड आहे, पण मला तो पटत नाही. स्वतःत मग्न म्हणजे ज्याला दुसऱ्याची गरज नाही असा. मी पाहिलेल्या अशा मुलांपैकी बहुतेकांना माणसं हवी असतात. आत शिरायचं दार त्यांना सापडत नाही, आणि आपल्याला त्यांचं. म्हणून आज मी सरळ ऑटिझम म्हणणार आहे.

आता पात्रांकडे येऊ. काही पात्रांच्या बाबतीत वादच नाही, कारण लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवलंय. २०१० च्या 'माय नेम इज खान'मधला रिझवान, त्याला अ‍ॅस्पर्गर आहे असं सिनेमाच सांगतो. मोठ्या आवाजाची भीती, पिवळ्या रंगाची भीती. २०१२ च्या 'बर्फी'मधली झिलमिल. आणि या दोघांच्याही आधी, २००९ साली झी टीव्हीवर आलेली 'आप की अंतरा' ही मालिका. एका लहान मुलीची गोष्ट, आणि तिला ऑटिझम आहे हेच मालिकेचं कथानक. सासू-सुनांच्या त्या काळात एका वाहिनीने असा विषय घेतला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

शेल्डनच्या बाबतीत मात्र मालिका करणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की आम्ही त्याला ऑटिस्टिक म्हणून लिहिलेलं नाही. का सांगितलं असेल? माझा तर्क असा आहे. त्या मालिकेत दर अर्ध्या मिनिटाला हशा असतो. शेल्डन नुसता विक्षिप्त असेल तर आपण बिनधास्त हसतो. त्याला ऑटिझम आहे असं एकदा जाहीर झालं, की तेच हसू घशात अडकतं. म्हणजे लक्षणं सगळी घ्यायची आणि नाव तेवढं टाळायचं. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, पण सोय नक्कीच आहे.

शेरलॉक होम्सचं प्रकरण आणखी गमतीचं. कॉनन डॉयलने तो १८८७ साली लिहिला, म्हणजे कॅनरच्या निबंधाच्या छप्पन्न वर्षं आधी. डोळ्यांसमोर होते त्याचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल, रोग्याला नुसतं बघून त्याचा धंदा ओळखणारे. त्यात ऑटिझमचा विचार असणं शक्यच नव्हतं. पण बीबीसीने २०१० पासून नवा शेरलॉक आणला तेव्हा शब्द घरोघरी पोचलेला होता, आणि २०१२ मधल्या एका भागात खुद्द वॉटसनच्या तोंडी अ‍ॅस्पर्गरचा उल्लेख आला. पात्र तेच, बघणारा काळ बदलला.

मिस्टर बीनबद्दल रोवन अ‍ॅटकिन्सन स्वतः म्हणतो की ते मोठ्या माणसाच्या शरीरातलं लहान मूल आहे. तो विषय तिथेच सोडू.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडे सखाराम गटणे आहे. 'व्यक्ती आणि वल्ली' इथे बसलेल्या निम्म्या घरांत असेल. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. २०१८ साली सोनी सबवर त्यावरून 'नमुने' नावाची हिंदी मालिकाही झाली, म्हणजे आपली मराठी न वाचणारी मुलंसुद्धा या माणसांना ओळखू शकतात. गटणे छापल्यासारखं बोलतो. रोजच्या गप्पांतही त्याच्या तोंडून पुस्तकच बाहेर पडतं. एकच वेड, वाचनाचं. समोरच्याला हसू येतंय हे त्याच्या गावीही नसतं. आजच्या एखाद्या तरुण मुलीने हे वाचलं तर ती पटकन म्हणेल, अहो, हा तर स्पेक्ट्रमवर आहे.

मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते. ऑटिझमचं निदान करताना डॉक्टर पहिला प्रश्न आईला विचारतात. दीड वर्षाचा असताना नावाने हाक मारली की वळायचा का? बोट दाखवून वस्तू मागायचा का? इतर मुलांत खेळायचा का? आपल्या देशात यासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली. त्यात चाळीस मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या आत आले तर ऑटिझम नाही. १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्याच्या वर तीव्र. आता ही पट्टी गटणेसाठी भरायला बसा. दीड वर्षाचा गटणे कुठे आहे? पु.लं.नी तो लिहिलेलाच नाही. निम्मे रकाने कोरे राहतात. पात्राला लेखकाने दिलं तेवढंच आयुष्य असतं, आणि तेसुद्धा गोष्टीच्या गरजेप्रमाणे. मालिकेत तर आजच्या भागात पात्राला गर्दी नको असते आणि पुढच्या भागात तेच लग्नाच्या वरातीत नाचतं, कारण टीआरपीला वरात हवी असते. खरा मुलगा असा भागागणिक बदलत नाही.

शिवाय गटणेसाठी आपल्या भाषेकडे आधीच एक शब्द आहे, वल्ली. वेडा नाही, पिसा नाही, आजारी तर नाहीच. वल्ली म्हणजे जगावेगळा, पण आपला. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. फक्त एक गोष्ट बघा. पु.लं.च्या त्या पुस्तकातल्या शीर्षकांवरून नजर फिरवा, भय्या नागपूरकरांसकट बहुतेक सगळे पुरुष. बाई वल्ली असू शकते हे आपल्याला सुचत नाही. मुलगी कोणाशी बोलली नाही, कोपऱ्यात एकटी बसली, तर ती 'शांत', 'गुणाची'. मुलींमधला ऑटिझम उशिरा ओळखला जातो, पुष्कळदा ओळखलाच जात नाही, हे डॉक्टरही सांगतात. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, मधल्या सुट्टीत एकट्याच डबा खाणाऱ्या काही मुली मला आज आठवतात. अंतरा आणि झिलमिल या दोघी मुली होत्या, हे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी एक गल्लत आपल्याकडे सर्रास होते. 'चौकट राजा'तला नंदू आठवा, १९९१ चा सिनेमा, दिलीप प्रभावळकरांचं काम. किंवा जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकातला बच्चू, जो अतुल परचुरेंनी केला होता. दोन्ही भूमिका अप्रतिम. पण नंदूला लहानपणच्या अपघाताने तसं झालेलं असतं, आणि बच्चू मतिमंद आहे. २०१४ च्या 'यलो'मधली जलतरणपटू गौरी गाडगीळ, तिने तर स्वतःचीच भूमिका केली, तिला डाऊन सिंड्रोम आहे. 'तारे जमीन पर'मधल्या मुलाला वाचता-लिहिताना अक्षरांची अडचण आहे, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. हे सगळे निरनिराळे. पण ऑटिझम असलेल्या मुलाची आई लग्नाच्या पंगतीत बसली की शेजारची बाई हमखास विचारते, "म्हणजे तारे जमीन परसारखंच ना? मग तो चित्रं छान काढत असेल!"

हे 'छान काढत असेल' आलं कुठून? सिनेमातून. १९८८ साली 'रेन मॅन' आला. त्यातला रेमंड खाली सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजतो. ज्या किम पीकवरून ते पात्र सुचलं, त्याला हजारो पुस्तकं पाठ होती, पण त्याला ऑटिझम नव्हता, निराळाच जन्मजात दोष होता, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तोवर जगभर समजूत पक्की झाली होती की अशा मुलांकडे काहीतरी दैवी देणगी असतेच. ज्या मुलाकडे तशी देणगी नाही, त्याच्या आईबापांनी काय करायचं? मुलगा स्वतःच्या हाताने जेवायला शिकला, याचा त्यांना झालेला आनंद कोणत्या सिनेमात बसतो?

आता जरा घरचं सांगते. माझ्या भावाचा मुलगा, माझा भाचा, २००६ चा. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. घरात सगळे म्हणत, "बोलंल ना पोट्टं, घाई कायची? याचा बापही उशिराच बोलला." जामसावळीला दोनदा नेऊन झालं. मारुतीरायाच्या दर्शनाला जाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही जाते. पण तिथून परत आल्यावरचं पुढचं पाऊल कोणी सांगत नव्हतं. ते सांगितलं टीव्हीने. वहिनी रात्री 'आप की अंतरा' बघायची. एके दिवशी मला म्हणाली, "ताई, ही मुलगी आपल्या बाळासारखी वागते." हाक मारली तर न वळणं, गाड्या खेळायच्या नाहीत पण ओळीने लावायच्या, ओळ मोडली की आकांत. पुढच्या आठवड्यात ते दोघं नागपूरच्या गाडीत बसले. मालिकेने निदान केलं नाही, निदान डॉक्टरांनीच केलं. पण त्या गाडीत त्यांना बसवलं ते एका खोट्या मुलीने. म्हणून पात्रांवर असे तर्क करणाऱ्या तरुण मुलांना मी सरसकट रागवत नाही.

पुढचं मात्र आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांच्या कामाचं आहे. भाच्याला शाळेत घातलं. तिथून निरोप आला की घरी मराठी बोलणं बंद करा, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, म्हणून बोलत नाही. फक्त हिंदी ठेवा. असा सल्ला पांढुर्ण्या-सौंसरातच नाही, जिथे जिथे दोन भाषांची घरं आहेत तिथे मिळतो, आणि देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. पण तो बरोबर नाही. यावर अनेक देशांत अभ्यास झालेत. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं त्यांत आढळलेलं नाही. उलट विचार करा, माझ्या आईला हिंदी बाजारापुरतीच येते. मराठी बंद म्हणजे त्या मुलाची आजी बंद. जो मुलगा आधीच मोजक्या चार माणसांशी जोडलेला आहे, त्याच्यातलं एक माणूस आपण औषध म्हणून कापून टाकायचं? भावाने ऐकलं नाही. आजी दुपारी मांडीवर घेऊन बोलतच राहिली, त्याने उत्तर दिलं नाही तरी.

आणि तो बोलायला लागला, तेही टीव्हीच्याच वाक्यांत. आधी साबणाची जाहिरात, हिंदीत. मग बातम्यांतली वाक्यं. लोक म्हणायचे पोपटपंची आहे. पोपटपंची नव्हती. बातम्यांचा निरोपाचा नमस्कार तो पाहुणे नकोसे झाले की म्हणायचा. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं, त्यातला तो पांडू, सारखा "इसरलंय" म्हणणारा. पांडूला काय झालंय यावर तेव्हा आमच्याकडेही चर्चा व्हायची. मला विचाराल तर आपल्या नाटकातल्या जुन्या बावळट गड्याचाच तो कोकणी अवतार, त्यात ऑटिझम शोधायचं कारण नाही. पण दहा वर्षांच्या माझ्या भाच्याने तो शब्द उचलला. मास्तरांनी प्रश्न विचारला, उत्तर द्यायचं नाही, की "इसरलंय". कोणी लग्नाच्या गर्दीत गाल ओढला, "इसरलंय". घरात सगळ्यांना कळलं की याचा अर्थ 'मला आता सोडा' असा आहे. आजीला तर इतकं पटलं की तीच आता नको असलेल्या फोनवर तसं म्हणते. मालवणी शब्द, पांढुर्ण्याचं घर, आणि हिंदी शाळेतला मुलगा. पात्राला ऑटिझम आहे का, यापेक्षा हे पात्र एका ऑटिस्टिक मुलाच्या कामी आलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका गावाची गोष्ट सांगून मग मागण्यांकडे येते. कॅनरच्या त्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, १९३३ चा जन्म. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट नावाचं छोटं गाव. आपल्यासारखंच, सगळे सगळ्यांना ओळखणारे. डोनाल्ड पुढे कॉलेजात शिकला, घरच्यांच्या बँकेत त्याने आयुष्यभर काम केलं, गाडी चालवली, रोज गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. माणसांना तो नावांऐवजी नंबर द्यायचा, आणि लोक आपापला नंबर कौतुकाने सांगायचे. म्हातारपणी त्याला शोधत पत्रकार आले, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना बजावलं की आमच्या डॉनला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला. घरी पैसा होता हे खरं, बँक घरचीच होती, आणि त्याने पुष्कळ फरक पडला. पण नंबर कौतुकाने सांगायला पैसा लागत नाही.

गावाला माहीत होतं. इथे कोणालाच माहीत नसतं, कारण आपण सांगत नाही. बहिणीचं लग्न अडेल, घराण्याला नाव लागेल. जागतिक आरोग्य संघटनेचा अलीकडचा अंदाज १२७ माणसांत एक असा आहे. आरतीला या मंडपात किती माणसं उभी असतात, हिशेब तुम्हीच करा.

कागदाचंही सांगते, कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या एकवीस प्रकारांची यादी आहे, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र मिळतं, यूडीआयडी कार्ड मिळतं. त्याआधीपासून, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आणि मुलगा अठराचा झाला की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी कलेक्टर कचेरी म्हणजे छिंदवाडा होतं. २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा आहे. ज्यांच्या घरी अठराच्या आसपासचं मूल आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. कागद कसे भरायचे ते मी भावासाठी करून बसले आहे.

आता मंडळाकडे एक मागणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, त्यानंतर तीन दिवसांत गणपती. आपला भाद्रपद म्हणजे आवाजाचा महिना. माझा भाचा आता एकोणीस वर्षांचा आहे. त्याला गणपती फार आवडतो. सोंड, मोदक, उंदीर, सगळं क्रमाने काढतो, दर वर्षी त्याच क्रमाने. पण ढोल आणि डीजे सुरू झाला की कानांवर हात दाबून तो घराकडे पळत सुटतो. मागची कित्येक वर्षं त्याने या मंडपातली आरती पाहिलेली नाही. ढोल बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर ही मागची मुलंच मला उचलून बाहेर ठेवतील. मी एवढंच विचारलं होतं की दहा दिवसांतली एक आरती भोंग्याशिवाय होईल का.

अध्यक्षांनी आज सकाळी होकार कळवला आहे. परवा, सकाळी साडेसहाला. भोंगा नाही, ढोल नाही, रंगीत उघडझाप करणारे दिवे बंद. एक टाळ आणि आपले आवाज, तेही बेताचे. दर्शनाला रांग नाही, ज्याला मूर्तीसमोर जितका वेळ थांबायचं असेल तितका वेळ थांबता येईल. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी मागच्या बाजूने, शाळेच्या फाटकातून आणावं, तिकडे गर्दी नसते. कोणी विचारणार नाही त्याला काय झालंय. प्रसादाला खोबऱ्याच्या वड्या आहेत. काही मुलांना ओला पदार्थ हाताला लागलेला चालत नाही, म्हणून कोरड्या सांगितल्या आहेत.